ऑफेन्स पहिला, डिफेन्स पहिला, आणि तरीही संघ घरी: फुटबॉलमधल्या तिसऱ्या तुकडीबद्दल

सॅनदिएगोचा_बाप्या

मंडळी, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, जवळ आला की इथे क्वार्टरबॅकांचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्यांचे, धागे निघतात. ब्रेडी मोठा की माहोम्स मोठा, चारशे प्रतिसाद, शेवटी भांडण. मी यंदा वेगळं दुकान मांडतोय. इथे बोलायचं ते स्पेशल टीम्स या तिसऱ्या, लाथ मारणाऱ्या तुकडीबद्दल: पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्याला देणं), किकऑफ (खेळ सुरू करणारी किक), फील्ड गोल (खांबांमधून मारलेली तीन गुणांची किक) आणि 'चेंडू कुठून सुरू झाला' याबद्दल.

माझी जखम जुनी आहे, २०१० सालची. त्या हंगामात सॅन दिएगो चार्जर्स एकूण यार्डांच्या हिशोबात एनएफएल या व्यावसायिक लीगमधला पहिल्या क्रमांकाचा ऑफेन्स (चेंडू हातात असताना खेळणारी तुकडी) होता. आणि सगळ्यांत कमी यार्ड देणारा डिफेन्स (समोरच्याला अडवणारी तुकडी), तोही आमचाच. फिलिप रिव्हर्सने ४७१० यार्ड फेकले. दोन्ही तक्त्यांत वर आम्ही. निकाल काय, तर ९ विजय, ७ पराभव, आणि प्लेऑफमध्ये नाव नाही.

मी तेव्हा त्या शहरात नवीन होतो. ऑफिसातल्या एकाने नादाला लावलं आणि पहिल्याच वर्षी हे दान पदरात पडलं. पहिला सामना सोमवारी रात्री कॅन्सस सिटीत, पावसात. डेक्स्टर मॅक्लस्टर नावाच्या नवख्या पोराने आमचा पंट ९४ यार्ड परत आणला, टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणं, नंतरच्या किकसह ७ गुण). आम्ही हरलो २१-१४. तिसऱ्या आठवड्यात सिॲटल. लिऑन वॉशिंग्टनने दुसऱ्या हाफचा पहिलाच किकऑफ १०१ यार्ड परत नेला. आम्ही धापा टाकत २०-२० केलं, तर पुढचा किकऑफ त्याने ९९ यार्ड नेला. २७-२०. पाचव्या आठवड्यात ओकलंड. सुरुवातीलाच आमचे दोन पंट ब्लॉक झाले. एकावर सेफ्टी (चेंडू आपल्याच एंड झोनमध्ये अडकला की समोरच्याला २ गुण), एकावर टचडाउन. हरलो ३५-२७.

आता बेरीज करा. या तीन सामन्यांत स्पेशल टीम्सनी थेट दिलेले गुण ७, १४ आणि ९. हरलो किती फरकाने? ७, ७ आणि ८. आणि आमच्या डिव्हिजनमध्ये पहिली आली कॅन्सस सिटी, १० विजयांवर.

तेव्हापासून मी सामना बघताना पंट झाला की बाथरूमला जात नाही.

शनिवारपेठी

धागा वाचनखुणेत साठवला. पण एक कबुली. मी गेली तीन वर्षं सोमवारी पहाटे ५ ला उठून सुपर बोल बघतो, आणि पंट आला की चहा ठेवायला उठतो. मला तो प्रकारच कळत नाही. चार संधी आहेत ना? मग चौथी संधी स्वतःहून लाथ मारून समोरच्याला का द्यायची? आपल्याकडे कुणी शेवटची ओव्हर प्रतिस्पर्ध्याला दान देत नाही.

कोरेगावचा_कॅल्क्युलेटर

@शनिवारपेठी, क्रिकेट इथे दिशाभूल करतं. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूला फलंदाज त्याच क्रीजवर उभा असतो. इथे क्रीजच सरकते. सापशिडी डोळ्यांसमोर आणा. फासा तोच, पण तुम्ही ५ नंबरच्या घरात आहात की ९५ च्या, यावर सगळं अवलंबून.

मैदान १०० यार्डांचं. १० यार्ड पुढे जायला चार डाउन, म्हणजे चार संधी. चौथ्यात जमलं नाही तर चेंडू जिथे आहे तिथेच समोरच्याचा. समजा तुम्ही स्वतःच्या ३० यार्डांच्या रेषेवर आहात. चौथा डाउन खेळलात आणि फसलात, तर समोरच्याला टचडाउनला फक्त ३० यार्ड. पंट मारलात आणि निव्वळ ४० यार्ड पडले, तर त्याला ७० यार्ड चालत यायचंय.

याची किंमत मोजलेली आहे, हे माझं आवडतं प्रकरण. १९७१ साली व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी एक शोधनिबंध लिहिला. मॅकॉल प्राध्यापक, आणि कार्टर चक्क तेव्हा सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक! त्यांनी काढलं ते असं: पहिला डाउन अमुक रेषेवर असेल, तर पुढचे गुण सरासरीने कोणाचे आणि किती. समोरच्याच्या ५ यार्डांवर असाल तर अधिक ६.०४१. स्वतःच्या २५ च्या आसपास असाल तर जेमतेम पाव गुण. आणि स्वतःच्या ५ यार्डांच्या रेषेवर असाल तर उणे १.२४५.

उणे! म्हणजे चेंडू तुमच्या हातात आहे, आणि तरी पुढचे गुण समोरच्याचे होण्याची शक्यता जास्त. घर आपल्या नावावर पण कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं, तसं.

त्यांच्याच तक्त्यावरून वरचं उदाहरण ढोबळ काढलं, तर ३० यार्ड बाकी असणं म्हणजे सुमारे ३.४ गुण, ७० यार्ड बाकी असणं म्हणजे सुमारे ०.६. एका लाथेने पावणेतीन गुणांचा फरक पडला आणि स्कोअरबोर्ड हललासुद्धा नाही. तुमचा चहा महागात पडतोय.

शनिवारपेठी

अच्छा! मग तो चेंडू कोपऱ्यात टाकून लोक नाचतात ते यासाठी. मला वाटायचं चुकून बाहेर गेला.

आयोवाची_वहिनी

नाचतात? आमच्याकडे या, म्हणजे नाचणं काय ते कळेल. आयोवा सिटीत अकरा वर्षं काढली. इथे पंटरला उभं राहून टाळ्या मिळतात.

सप्टेंबर २०२२, पहिला सामना, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध. आयोवा विद्यापीठाचा आमचा संघ ७-३ जिंकला. बाहेरच्याला वाटेल एक टचडाउन झाला असणार. छे! एक फील्ड गोल, ३ गुण. आणि दोन सेफ्ट्या, २ अधिक २. ऑफेन्सने काही केलं नाही म्हटलं तरी चालेल (भावजींचं मत याहून तिखट आहे, इथे लिहिता येणार नाही). पण आमचा पंटर टोरी टेलर पंट मारून समोरच्यांना त्यांच्याच एंड झोनच्या दारात नेऊन बसवत होता. पाठ भिंतीला लागलेल्या क्वार्टरबॅकला मागे सरकायला जागाच नाही. तिथेच पकडला तर सेफ्टी. दोन गुण आमचे, आणि वर चेंडूही आम्हालाच, कारण सेफ्टीनंतर त्यांनाच तो किक करून द्यावा लागतो.

टेलर मेलबर्नचा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळत वाढलेला. तिथे पळता पळता लाथ मारायची, चेंडू उलटा फिरवायचा, पडल्यावर मागे उसळेल असा टाकायचा, हे पोरं लहानपणीच शिकतात. म्हणून आता अमेरिकन कॉलेजांत पंटर म्हणून ऑस्ट्रेलियन पोरांची रांग लागलीय. २०२३ मध्ये टेलरने एका हंगामात ४४७९ यार्ड पंट मारले, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम. अर्थात इतके पंट मारायची वेळ यावी लागते, हेही खरंच. 'पंट म्हणजेच विजय' छापलेले टीशर्ट गावभर होते. पुढे शिकागो बेअर्सनी त्याला चौथ्या फेरीत उचललं. पंटरसाठी चौथी फेरी म्हणजे लग्नात वाजंत्रीवाल्याला आहेरात सोन्याची अंगठी!

पहाटेचा_प्रेक्षक

मस्त धागा. माझ्याकडून फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल, चीफ्स २५, फॉर्टीनाइनर्स २२, ओव्हरटाइम. सगळ्यांना आठवतो तो माहोम्सचा शेवटचा ड्राइव्ह. मला आठवते एक टाच.

तिसरा क्वार्टर, फॉर्टीनाइनर्स १०-६ पुढे, त्यांचा डिफेन्स माहोम्सला काही करू देत नव्हता. चीफ्सचा पंट. चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन फॉर्टीनाइनर्सच्याच डॅरेल लूटरच्या पायाला लागला. तो बिचारा ब्लॉक करण्यात गुंतलेला, त्याला पत्ताच नाही. आता नियम असा की पंट घेणाऱ्या बाजूच्या कुणालाही चेंडू लागला की तो सगळ्यांचा. मागून रिटर्नर धावत आला, उचलायला गेला, जमला नाही. चीफ्सने झडप घातली. १६ यार्डांची रेषा. पुढच्याच प्लेला टचडाउन.

१६ यार्ड. त्या टचडाउनमुळे फॉर्टीनाइनर्सच्या डिफेन्सच्या खात्यात पडले फक्त १६ यार्ड.

आणि चौथ्या क्वार्टरमध्ये फॉर्टीनाइनर्सनी टचडाउन करून १६-१३ केलं, तेव्हा एक्स्ट्रा पॉइंटची (टचडाउननंतरची एका गुणाची) किक चीफ्सच्या लिओ शनालने हात लावून अडवली. त्या एका गुणाची तेव्हा कॉमेंटेटरांनी जेवढ्यास तेवढी दखल घेतली. पण तो गेला असता तर १७-१३, चार गुणांची आघाडी, आणि चीफ्सला नंतर फील्ड गोलने बरोबरी साधताच आली नसती. त्यांनी लगेच १६-१६ केलं.

कोरेगावचा_कॅल्क्युलेटर

@पहाटेचा_प्रेक्षक, तुमच्या त्या '१६ यार्ड' वरून एकदम पेटलो. बाप्याभाऊ, जरा बसून घ्या, तुमच्या जखमेवर मीठ येतंय.

तुम्ही म्हणता चार्जर्स दोन्हीकडे पहिले असूनही हरले. मला वाटतं, त्यांचं पहिलं येणं काही अंशी त्या वाईट स्पेशल टीम्समुळेच होतं!

बघा. समोरच्याने किकऑफ ९९ यार्ड परत आणला. टचडाउन झाला. तुमच्या डिफेन्सने किती यार्ड दिले? शून्य. तो मैदानात आलाच नाही. आणि लगेच चेंडू पुन्हा तुमच्याच ऑफेन्सकडे. म्हणजे ऑफेन्सला यार्ड जमवायला एक जादा डाव, तोही पिछाडीवर, म्हणजे फेकाफेकीचा. पंट ब्लॉक झाला, समोरच्याला २० यार्डांवर चेंडू मिळाला, त्याने टचडाउन केला, तर डिफेन्सच्या नावावर २० यार्ड. तेच ८० यार्ड चालवून नेलं असतं तर ८० लागले असते. संघ जितक्या वाईट जागी सापडतो, तितका डिफेन्सचा यार्डांचा तक्ता गोरागोमटा दिसतो. उलट ऑफेन्सला दर वेळी स्वतःच्या १० यार्डांवरून निघावं लागलं, तर एका टचडाउनला ९० यार्ड जमतात. ज्याला ४० वर चेंडू मिळतो त्याला ६० च.

यार्ड हे टॅक्सीच्या मीटरसारखे आहेत. किती फिरलात ते सांगतात, घरापासून किती लांब सोडलं ते नाही.

सॅनदिएगोचा_बाप्या

...

दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. पंधरा वर्षं मी मित्रांना 'दोन्हीकडे पहिले होतो' म्हणून ऐकवतोय.

पण एक सांगतो, सगळं तेवढ्याने नाही होत. पूर्ण हंगामात कोणीही इतक्या प्लेज चालवून पहिला येतो तो काही फक्त जादा डावांवर नाही. रिव्हर्स खरंच चांगला होता. हवा किती भरली ते मोजायला हवं, टायरच नव्हता असं नाही.

कोरेगावचा_कॅल्क्युलेटर

मान्य. 'काही अंशी' म्हटलंय. आणि तुमची ७, १४, ९ ची बेरीज पण मला थोडी खटकते. ते गुण काढून टाकले तर पुढचा सामना तसाच झाला असता असं नाही. पिछाडीवर असलेला संघ वेगळा खेळतो. पण तीन सामने, तिन्हीत हेच, म्हणजे योगायोग म्हणायला जरा जड जातं.

उलट्या_खोपडीचा

सगळे पंटची आरती ओवाळताय म्हणून दुसरी बाजू. डेव्हिड रोमर नावाचे बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी दाखवलं की एनएफएलचे कोच चौथ्या डाउनला गरजेपेक्षा फार भितात. पंट मारतात, कारण पंट मारून हरलं तर शिव्या खेळाडूंना, चौथा डाउन खेळून हरलं तर शिव्या कोचला. सरकारी फाइल पुढच्या टेबलावर सरकवावी तसा पंट.

आर्कन्सामध्ये लिटल रॉकच्या पुलास्की अकादमी या शाळेचा केव्हिन केली नावाचा कोच होता. तो पंट मारायचाच नाही जवळपास. किकऑफही बहुतेक वेळा ऑनसाइड, म्हणजे छोटा मारून आपणच परत घ्यायचा प्रयत्न. त्याने राज्य अजिंक्यपदं जिंकली, एक नाही, अनेक.

आयोवाची_वहिनी

शाळेत चालतं हो. जानेवारी २०२४ ला डेट्रॉइट लायन्सचं काय झालं? हाफटाइमला २४-७ पुढे. दुसऱ्या हाफमध्ये दोनदा फील्ड गोलच्या टप्प्यात असून चौथा डाउन खेळले, दोनदा फसले. हरले ३४-३१. तीन गुणांनी. मी सोफ्यावर बसून ओरडत होते, अहो घ्या ना ते तीन गुण!

उलट्या_खोपडीचा

वहिनी, निकालावरून निर्णय नाही जोखत. त्यातला एक पास रिसीव्हरच्या हातातून सुटला होता. आणि किक गेलीच असती हे कोणी लिहून दिलं होतं? लांब किक सुटतातही. १९९१ च्या सुपर बोलमध्ये बिल्सचा स्कॉट नॉरवुड, ४७ यार्ड, उजवीकडून बाहेर, २०-१९ ने हार. विचारा बफेलोवाल्यांना.

शिवाय फील्ड गोल चुकला की चेंडू समोरच्याला किक मारल्या जागेवरून मिळतो, म्हणजे प्ले सुरू झाला त्या रेषेच्याही सातेक यार्ड मागून. तो धोका कोणी मोजत नाही. आणि ऑबर्न हा कॉलेजचा संघ विसरलात? नोव्हेंबर २०१३, अलाबामाविरुद्ध २८-२८. घड्याळावर एक सेकंद. अलाबामाने ५७ यार्डांची किक घेतली, कमी पडली. मागे एंड झोनमध्ये उभ्या असलेल्या ख्रिस डेव्हिसने ती झेलली आणि अख्खं मैदान पळून गेला. ३४-२८. किक मारणाऱ्या संघात सगळे धिप्पाड ब्लॉकर असतात, त्याला पकडणार कोण?

शनिवारपेठी

थांबा थांबा, आत्ताच तो शेवटचा प्ले शोधून बघितला. बायको उठली आरडाओरड्याने. हे असं असतं होय!

एक शंका. गेल्या दोन वर्षांपासून किकऑफला सगळे आधीच जवळजवळ उभे का असतात? पूर्वी लांबून धावत यायचे ना?

पहाटेचा_प्रेक्षक

२०२४ पासूनचा नियम. पूर्वी लांबून पळत येऊन धडकायचे, डोकी फुटायची. म्हणून वर्षानुवर्षं टचबॅक (रिटर्न न करता ठरलेल्या रेषेवर चेंडू घेणं) सोपा करत गेले, आणि शेवटी रिटर्नच उरला नाही. आता किकर आपल्या ३५ वर, पण त्याचे बाकीचे दहा जण समोरच्यांच्या ४० वर उभे. समोरचे बहुतेक त्यांच्या ३० ते ३५ च्या पट्ट्यात. चेंडू जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत या मंडळींनी हलायचं नाही. किक २० यार्डांच्या रेषेच्या अलीकडेच पडली तर दंड, चेंडू थेट ४० वर. २०२५ मध्ये एंड झोनमध्ये मारून टचबॅक घेतला तर चेंडू ३५ वर द्यायचा असं केलं. ३५ फार महाग पडतात, म्हणून आता किकर मुद्दाम मध्ये टाकतात. परत रिटर्न बघायला मिळतायत.

चिंगीची_आई

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात लाँग स्नॅपर आहे. (आयडी मुलीच्या नावाने आहे, तेव्हा तो जन्मला नव्हता.)

हे काम म्हणजे वाकून, दोन पायांतून, डोकं खाली, चेंडू मागे १४-१५ यार्डांवरच्या पंटरच्या हातात फिरत फिरत द्यायचा. पाऊण सेकंदात. आणि दिल्याक्षणी समोरचा दांडगा पोरगा अंगावर. वर्षभर तो आमच्या गॅरेजच्या दारावर खडूने चौकोन काढून सराव करत होता. दाराला आता पोचा पडलाय. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्या रोज विचारायच्या, हा वाकून काय शोधतो गं?

पहिल्या वर्षी मला वाटायचं, एवढी मेहनत करून याचं नाव लाउडस्पीकरवर कधीच येत नाही. मग एका शुक्रवारी आलं. स्नॅप पंटरच्या डोक्यावरून गेला. चेंडू घरंगळत आमच्याच एंड झोनमध्ये. सेफ्टी. नाव घेतलं, स्पष्ट उच्चारात, आडनावासकट.

तो घरी येऊन जेवला नाही. मी काही बोलले नाही, ह्यांनी मिशिगनचा तो २०१५ चा व्हिडिओ लावला. मिशिगन स्टेटविरुद्ध, १० सेकंद बाकी, दोन गुणांनी पुढे, फक्त पंट मारायचा होता. स्नॅप खाली आला, पंटरच्या हातून सुटला, समोरच्याने उचलून टचडाउन केला, हरले २७-२३. एक लाखाहून जास्त लोकांसमोर. पोरगा बघून म्हणाला, बाबा, माझा तरी वर गेला होता. मग वरणभात जेवला.

आयोवाची_वहिनी

ताई, डोळ्यांत पाणी आलं. त्याला सांगा, आयोवात असता तर त्याच्या नावाचा टीशर्ट निघाला असता.

सॅनदिएगोचा_बाप्या

@चिंगीची_आई, या हंगामात कसं चाललंय त्याचं?

चिंगीची_आई

या हंगामात नाव एकदाही आलेलं नाही.

कोरेगावचा_कॅल्क्युलेटर

वा! क्या बात है.

@शनिवारपेठी, एक राहिलंच. २०१३ चा सुपर बोल बघा, रेव्हन्स विरुद्ध फॉर्टीनाइनर्स. लोकांना लाइट गेले ते आठवतं. मी म्हणतोय त्याचा शेवट. रेव्हन्स पाच गुणांनी पुढे, १२ सेकंद बाकी, स्वतःच्या एंड झोनच्या तोंडाशी चौथा डाउन. पंटर सॅम कुक चेंडू घेऊन एंड झोनमध्येच इकडेतिकडे फिरत राहिला, आठ सेकंद खाल्ले आणि मुद्दाम बाहेर पाऊल टाकून सेफ्टी दिली. दोन गुण फेकले. आता चार सेकंद, तीन गुणांची आघाडी, आणि समोर कोणी ब्लॉक करायला नसताना २० यार्डांवरून मोकळी किक. ३४-३१ जिंकले.

शनिवारपेठी

दोन गुण देऊन जागा आणि वेळ विकत घेतला! हे आमच्या पेठेतल्या माणसाला बरोबर समजलं.

सोमवारचा ४.४५ चा गजर लावलाय. पंटला आता उठत नाही. पण मग चहा कधी ठेवायचा ते सांगा.

सॅनदिएगोचा_बाप्या

टू मिनिट वॉर्निंगला, म्हणजे हाफ संपायला दोन मिनिटं उरली की खेळ थांबतो तेव्हा. आलं आधीच किसून ठेवा.